डेटाबेसमधला शोध: या चुका टाळा

'सर्च स्लो आहे, रॅम वाढवूया' असं कुणी म्हणालं की समजावं, एक्स्प्लेन (डेटाबेस शोध कसा चालवणार ते दाखवणारी आज्ञा) अजून कुणी चालवलेलं नाही. नेहमीची चूक अशी: लाइक या शोधाच्या अटीत शब्दाच्या दोन्ही टोकांना टक्क्याची खूण ('इथे काहीही चालेल') लावायची, कॉलमवर साधा इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची) टाकायचा आणि निर्धास्त व्हायचं! या साध्या, म्हणजे बी-ट्री इंडेक्सला मजकुराची सुरुवात लागते. ती नसेल तर डेटाबेस अख्खं टेबल वाचतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यावर ट्रायग्रॅम एक्स्टेंशन (जोड-सुविधा) आणि जिन नावाचा इंडेक्स आहे. तो मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे ठेवतो, म्हणून तीन अक्षरं पडेपर्यंत मी शोध सुरूच करत नाही.

पण वेग आला म्हणजे झालं, ही त्याहून मोठी चूक. म्हापशातल्या एका औषध वितरकाकडे पोरांनी शोध झटपट करून दिला, तरी काउंटरवरची बाई वहीच उघडायची. "साखळी घातलं की काहीच येत नाही," ती म्हणाली. येणार कसं? ती रोमनमध्ये 'साखळी' टाइप करायची, पत्त्यात त्याच गावाचं होतं पोर्तुगीज वळणाचं 'सांकेलिम'. पोराने शॉर्टकट मारला: साम्याची मर्यादा (दोन शब्दांचे तुकडे किती जुळले तर निकालात घ्यायचं) मुळात 0.3 असते, ती 0.1 वर आणली. सांकेलिम आलं खरं, पण त्याच्याही वर साळगाव! औषधांची गाडी भलत्याच गावाला जायची अशाने.

उपाय कंटाळवाणा आहे. गावांचं वेगळं टेबल करा: प्रत्येक गावाला एक कोड, त्याखाली सगळी रूपं. पणजी-पंजिम, केपे-क्वेपेम, देवनागरीही. ही यादी प्रोग्रामरने बसून करू नये, त्या बाईकडून करून घ्यावी. शून्य निकाल आलेले शोधही मी नोंदवून ठेवतो आणि दर शनिवारी वाचतो. हे काम नवशिक्यांना नको असतं. त्यांना काही हजार ओळींसाठी इलॅस्टिकसर्च, म्हणजे वेगळं शोध-इंजिनच बसवायचं असतं.

फुल-टेक्स्ट सर्चमध्ये (मजकुरातले शब्द शोधताना) आडनावांना शब्दांची टोकं छाटणारी इंग्रजी डिक्शनरी लावू नका, न छाटणारी 'सिंपल' लावा. 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठतो. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे एनएफसी करा, म्हणजे दोन्ही तऱ्हांचं एकच रूप होईल.

आणि दहा ओळींच्या टेबलवर चाचणी घेऊन 'इंडेक्स चालतच नाही' म्हणत येऊ नका. एवढं टेबल प्लॅनर (शोध कसा चालवायचा ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) मुद्दामच सरळ वाचून काढतो. खऱ्या डेटाची नक्कल भरा, ॲनालाइज (टेबलची आकडेवारी ताजी करणारी आज्ञा) चालवा, मग बोलू.