चीनमध्ये युबान मिळाला, आता त्याचं इंग्रजी कसं घ्यायचं?

चीनला मेडिकलला जाणारी पोरं दरवर्षी मेसेज करून तेच विचारतात, भाषेचं काय करायचं. माझं उत्तर ठरलेलं आहे, पहिल्या सेमिस्टरलाच एक युबान गाठा. युबान म्हणजे भाषेचा जोडीदार, तो तुम्हाला चिनी शिकवणार, तुम्ही त्याला इंग्रजी, पैशाचा संबंध नाही. मी सिचुआन प्रांतातल्या चेंगडूला होते, तिथे कॅन्टीनमध्ये आणि लायब्ररीच्या पायऱ्यांवर अशा जोड्या सर्रास दिसायच्या. चिनी कसं शिकायचं हे सांगणारे ढिगाने सापडतील, त्यामुळे मी दुसरी बाजू सांगते, म्हणजे समोरच्याचं इंग्रजी कसं घ्यायचं, कारण आपली पोरं तिथेच अडकतात, "व्हॉट इज युवर हॉबी" संपलं की पुढे काय बोलायचं ते कळत नाही आणि युबान हळूहळू गायब होतो.

आधी त्याला इंग्रजी कशासाठी हवंय ते बघा. बहुतेकांच्या डोक्यावर सीईटी-४ असते. ही तिकडची कॉलेजची इंग्रजी परीक्षा, जून आणि डिसेंबरमध्ये होते, एकूण ७१० मार्क आणि ४२५ पडले की सुटलो असं सगळे धरून चालतात, तेवढे असल्याशिवाय पुढच्या सीईटी-६ लाही बसता येत नाही. त्यात निबंध, ऐकणं, वाचन आणि एका चिनी परिच्छेदाचं इंग्रजी भाषांतर, बऱ्याच कॉलेजांत ऐकण्याचा भाग एफएमवर लागतो त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत पोरं गळ्यात रेडिओवाले हेडफोन घालून फिरतात. बोलण्याची परीक्षा वेगळी आणि ऐच्छिक. म्हणजे समोर जो बसलाय त्याने शाळेपासून इंग्रजीचा पेपर दिलाय, गाओकाओ या बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत तो १५० मार्कांचा असतो, पण तोंडाने इंग्रजी बोलायची वेळ त्याच्यावर फारशी आलेलीच नाही. त्याला व्याकरणाचे नियम तुमच्यापेक्षा जास्त येतात हे गृहीत धरा, मला माझी युबान पार्टिसिपलचे प्रकार पाठ म्हणून दाखवायची आणि मी आपली मान हलवायचे.

आता शब्दसंग्रह. हे लोक शब्द पाठ करतात ते आपल्या कल्पनेपलीकडचं आहे. सकाळी कॅम्पसमध्ये झाडाखाली उभं राहून मोठ्याने शब्द घोकणारी मुलं दिसतील, मोबाईलवर बायत्सझान सारखी ॲप्स असतात, शब्द येतो, खाली चार चित्रं, बरोबर चित्र दाबलं की पुढचा शब्द, आणि रोज हजेरी लावायची, तिला ते दाखा म्हणतात. शब्दांच्या याद्या ए पासून सुरू होतात आणि पहिलाच शब्द बहुतेक वेळा अबॅन्डन, म्हणजे सोडून देणे, त्यावर सगळ्या देशात विनोद आहेत की पहिल्या पानावरच अभ्यास सोडला. तर अडचण शब्दांच्या संख्येची नाहीच. अडचण ही की शब्द एकेकटा पाठ झालाय, त्याच्या शेजारी कोणता शब्द बसतो ते माहीत नाही. मग लाईट ओपन होतो, ज्ञान लर्न होतं, पाऊस बिग असतो आणि औषध ईट करतात. वीस वर्षांचा मुलगा तुम्हाला "कम टू माय होम टू प्ले" म्हणेल, घाबरू नका, चिनीत मोठी माणसंही खेळायलाच येतात, म्हणजे गप्पा मारायला. यातलं बिग रेन आणि ईट मेडिसिन आपल्याकडेही चालतंच, मोठा पाऊस झाला, गोळ्या खाल्ल्या का, त्यामुळे आपल्या कानाला ते खटकतही नाही, तेवढं सांभाळा.

यावर मला उपयोगी पडलेली पद्धत अशी, युबानने ॲपमध्ये त्या दिवशी केलेल्या शब्दांपैकी पाचच शब्द काढायचे, अर्थ अजिबात विचारायचा नाही, अर्थ तिला येतो. विचारायचं की हा शब्द वापरून आजच्या दिवसातलं काहीतरी खरं सांग. सगळं खरंच हवं, "द गव्हर्नमेंट शुड टेक मेझर्स" सारखं छापील वाक्य आलं की बाद. छापील वाक्यांचा त्यांच्याकडे मोठा साठा असतो, निबंधाचे तयार साचे मिळतात आणि अर्धे निबंध "विथ द रॅपिड डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी" ने सुरू होतात, मग विषय प्रदूषण असो नाहीतर मैत्री. परीक्षेपुरतं ठीक आहे म्हणा, पण त्याने बोलणं सुटत नाही.

व्याकरणात सगळ्यात चिवट म्हणजे काळ. चिनी क्रियापदाचं रूप बदलत नाही, काल, उद्या असा शब्द लावला की भागतं, आणि "ल" नावाचं एक शेपूट असतं जे काम पूर्ण झालं किंवा परिस्थिती बदलली हे सांगतं, ते भूतकाळाचं चिन्ह नाही. त्यामुळे कागदावर वेन्ट बरोबर लिहिणारी मुलगी बोलताना "यस्टरडे आय गो" म्हणते, दर वेळी. नियम परत सांगून काही होत नाही, तिला तो पाठ आहे. त्यापेक्षा एकच गोष्ट दोनदा सांगायला लावा, आधी "मी रोज सकाळी काय करते", लगेच तेच "काल सकाळी काय केलं". सलग दोनदा म्हटलं की तिचं तिलाच ऐकू येतं. पहिल्या फेरीत ती आणि तो यांच्यासोबत येणारा शेवटचा एस पण तपासून होतो, त्यासाठी गोष्ट आईची किंवा रूममेटची घ्या.

आई म्हटल्यावर हे आलंच, "माय मदर, ही इज अ टीचर". चिनीत तो, ती आणि ते यांचा उच्चार एकच, "था", लिहिताना अक्षरं वेगळी. चांगलं इंग्रजी बोलणारेही इथे घसरतात. हसू नका, मोबाईलमधले घरचे फोटो काढून एकेका माणसाबद्दल बोलायला लावा, हाच उपाय.

काही चुका मात्र आपल्या आणि त्यांच्या सारख्या आहेत, आणि इथे मराठी माणसाला समजून सांगणं सोपं जातं. आपण "जरी पाऊस होता तरी मी गेले" म्हणतो, ते "स्वेरान" म्हटलं की पुढे "दानश" म्हणणारच, म्हणून दोघांच्याही इंग्रजीत ऑल्दो नंतर बट येतो. "तुला चहा आवडत नाही का?" याला आपण "हो, नाही आवडत" म्हणतो, तेही तसंच म्हणतात, इंग्रजीत तिथे नो लागतं. आर्टिकल दोघांकडेही नाहीत. ए, ॲन, द च्या मागे पहिल्या महिन्यात लागू नका, वेळ जातो आणि समोरचा वैतागतो, फार तर एखाद्या बातमीचा परिच्छेद घेऊन त्यातले आर्टिकल खोडा आणि भरायला द्या. उलट बॉरो आणि लेन्ड मध्ये आपली गल्लत होत नाही कारण आपल्याकडे उसने घेणे आणि उसने देणे आहे, त्यांच्याकडे दोन्हीला एकच "च्ये". पाहणं, बघणं आणि वाचणं यांचंही तेच, "खान" एकच, म्हणून पुस्तक सॉ होतं.

लिहिताना एक गोष्ट हमखास दिसते, पानभर वाक्य, फक्त स्वल्पविराम. चिनीत ते चालतं, इंग्रजीच्या पेपरात मार्क जातात. मोठ्याने वाचायला लावा आणि जिथे नवा कर्ता येतो तिथे पूर्णविराम, एवढंच सांगा. (हे लिहिताना माझी वाक्यं बघू नका.)

आकडे हा वेगळाच प्रकार. त्यांची मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यात चालते, दहा हजार म्हणजे एक "वान", आणि दहा कोटी म्हणजे एक "ई". २०२० च्या जनगणनेत चेंगडूची लोकसंख्या २ कोटी ९ लाखांच्या पुढे होती, तो आकडा ती मनात दोन हजार नव्वद वान असा धरते आणि तिथून मिलियनकडे जाताना शून्य सांडतात. आपणही लाख कोटीवाले, आपलेही सांडतात. मी एक कागद केला होता, एक लाख म्हणजे दहा वान, दहा लाख म्हणजे शंभर वान म्हणजे एक मिलियन, कोटी म्हणजे हजार वान. तो दोघींना पुरला, भाजीबाजारात नाही पण घरभाड्याच्या आणि बातम्यांच्या गप्पांत.

उच्चारांचं थोडक्यात. सिचुआनकडच्या लोकांचं न आणि ल एकमेकांत मिसळतं, नाइट चं लाइट होतं, ते पकडून द्या. व्ही आणि डब्ल्यू मात्र शिकवायला जाऊ नका, आपल्याला तरी कुठे वेगळे काढता येतात, रेकॉर्डिंग ऐकवा. काहींना भारतीय उच्चार नको असतात, तोंडावर सांगतील, वाईट वाटून घेऊ नका, दुसरा युबान शोधा.

रोजच्या सरावाला वीचॅट, म्हणजे तिकडचं व्हॉट्सॲप, पुरे. तिथला व्हॉइस मेसेज जास्तीत जास्त ६० सेकंदांचा असतो आणि ही मर्यादाच कामाची आहे, रोज एक मेसेज इंग्रजीत, दिवसातली एकच घटना. तुम्ही उत्तर पाठवताना एकच चूक निवडायची, त्या आठवड्यात भूतकाळ चालू असेल तर फक्त भूतकाळ, बाकी कितीही कानाला टोचलं तरी सोडायचं. सगळं दुरुस्त करणाऱ्याला परत मेसेज येत नाही हे मी मैत्रिणींच्या बाबतीत बघितलंय. तेच नियम तिलाही लावा, तुमचे चिनी टोन, म्हणजे शब्दाचे चढउतार, सुधारताना ती एकाच टोनवर राहील. भेटलात की मोबाईलवर टायमर लावा, अर्धा तास इंग्रजी, अर्धा तास चिनी, नाहीतर ज्याची परीक्षा जवळ त्याची भाषा सगळा वेळ खाते आणि आपल्याला एचएसके-४ ही चिनी भाषेची परीक्षा करायची असते. बसायला चेंगडूत पीपल्स पार्कातली चहाघरं छान, झाकणाच्या कपात चहा येतो, गरम पाणी भरून मिळत राहतं आणि कोणी उठवत नाही.

एक शेवटचं, युबानची आई किंवा मावशी हमखास विचारणार की आमच्या छोट्याला पण शिकव, तासाचे एवढे देऊ. स्टुडंट व्हिसावर परवानगीशिवाय असं पैसे घेऊन शिकवणं बेकायदा आहे, पकडलं तर दंड आणि परत पाठवणी दोन्ही होऊ शकतं. जेवायला बोलावलं तर जा, पाकीट पुढे केलं तर नको म्हणा, आणि खरंच काम करायचं असेल तर आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जाऊन लेखी परवानगीचं विचारा.