सोलर पार्कात रुजू झालात? आधी पॅनेलपासून टॉवरपर्यंत पायी जा

आयटीआय करून सोलरला लागलेली पोरं पहिल्या दिवशी कंट्रोल रूममधला एसी शोधतात. मीही शोधला होता. मी अक्कलकोटकडचा वायरमन. घरात कन्नड बोलतात, म्हणून कर्नाटकात पावगड्याला आलो. तुमकूर जिल्ह्यातला हा पार्क २,०५० मेगावॉटचा, पाच गावांच्या सुमारे १३,००० एकरांवर पसरलेला. जमीन विकत घेतलेली नाही, २८ वर्षांच्या कराराने भाड्याने घेतलीय. सुरुवातीचा दर एकरी वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे इथे जमिनीचा मालक गेटवरही भेटू शकतो. नमस्कार करत जा.

पहिला आठवडा स्क्रीनकडे बघू नका. एक पॅनेल निवडा आणि तिथून वीज जाते त्या वाटेने चालायला लागा.

पॅनेलच्या मागचं स्टिकर वाचा. आमच्या ब्लॉकमधलं जुनं पॅनेल ३२५ वॉटचं, मोकळ्या टोकांना ४६ व्होल्टच्या आसपास. एवढ्याने कोणी घाबरत नाही. पण अशी ३० पॅनेलं एकामागे एक जोडली की झाली स्ट्रिंग, आणि तिच्या टोकाला जवळजवळ १,४०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. घरच्या एसी करंटची (सतत दिशा बदलणाऱ्या विजेची) ठिणगी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, म्हणून विझायला वाव असतो. डीसीला तो वाव नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढलात तर आर्क, म्हणजे ती ठिणगी, पेटतच राहतो. आधी इन्व्हर्टर थांबवा, आयसोलेटर (वाट तोडणारा स्विच) पाडा, क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य झालाय हे बघा, मगच हात लावा. आणि पॅनेलला स्विच नसतो हे विसरू नका: ऊन आहे तोवर स्ट्रिंग जिवंतच.

पुढचा थांबा कॉम्बायनर बॉक्स, म्हणजे अनेक स्ट्रिंग एकत्र येतात ती पेटी. आमच्याकडे एका बॉक्सात २४ स्ट्रिंग येतात, भर उन्हात प्रत्येकीत साडेआठ अँपिअरच्या आसपास. इथे आकडा किती आहे यापेक्षा शेजारणीशी जुळतो का, ते बघायचं. माझी पहिली फजिती इथलीच. पावसाळ्यानंतर तीन स्ट्रिंग कमी दाखवत होत्या. मी फ्यूज बदलले, स्क्रू आवळले, अर्धा दिवस घालवला. गवत कापणाऱ्या एका अक्कांनी रांगेच्या खालच्या कडेकडे बोट दाखवलं: गवत पॅनेलवर झुकलेलं. आतले सेल माळेसारखे जोडलेले असतात, एकावर सावली पडली की प्रवाह तिथे अडतो. बायपास डायोड तेवढा भाग वगळून वाट काढून देतो, पण त्या भागाची वीज गेली ती गेलीच. तेव्हापासून मी मीटरच्या आधी विळा मागतो.

सगळे बॉक्स इन्व्हर्टरला जातात. तो डीसीचं एसी करतो आणि ग्रिडच्या, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याच्या, ५० हर्ट्‌झच्या तालाला ताल धरतो. बाहेरची लाइन गेली की तो आपणहून थांबतो, डोक्यावर कितीही ऊन असो. गावातले विचारतात, सूर्य आहे मग प्लांट बंद कसा? त्यांना सांगा, ताल द्यायला कोणी नाही म्हणून.

शेजारचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज ३३ हजारांवर नेतो, तिथून जमिनीखालच्या केबलने सबस्टेशन, मग २२० केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), आणि पार्काबाहेर टॉवरवरून पडताना ४०० केव्ही. एवढं कशाला? व्होल्टेज दहापट केलं तर तीच वीज एक दशांश प्रवाहात जाते, आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज शंभरावा भाग उरते.

उन्हाळ्यात वीज जास्त, असं घरचे समजतात. ऊन हवं, पण ताप नको. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतं, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद जाते. म्हणजे १४ टक्के हवेत. खरी मजा जानेवारी-फेब्रुवारीच्या स्वच्छ, वाऱ्याच्या दिवसांत. तेव्हा ५० मेगावॉटचा एक ब्लॉक तीन लाख युनिटच्या आसपास देऊन जातो. पॅनेल धुणं पहाटे किंवा रात्री. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते, आणि बोअरचं जड पाणी पांढरे डाग सोडतं.

आता कंट्रोल रूममध्ये जायला हरकत नाही. तिथे दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ तुकडे दिसतील. उद्या कोणत्या तुकड्यात किती वीज देणार, ते आजच कळवावं लागतं. चुकलं तर पैसे कापले जातात. ढगाची सावली ब्लॉकवरून सरकली की आलेख कसा खाली बसतो, ते एकदा खिडकीतून आणि स्क्रीनवर एकाच वेळी बघा. एसीची जागा खिडकीपासून लांब आहे, तेवढं चालवून घ्या.