मॅरेथॉनच्या सरावाचा आठवडा: चूक मंगळवारची, दुखणं शनिवारचं, या चुका टाळा

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावायची ठरवलेली माणसं ओळखायची असतील तर नोव्हेंबरातल्या कुठल्याही सोमवारी ऑफिसच्या जिन्यात उभं राहा. कठडा धरून, तिरकं होऊन, एकेक पायरी जपून उतरणारे ते आम्ही.

पहिल्या वर्षी मी दुखणं ज्या दिवशी उठेल त्याच दिवशी चूक शोधायचो. शनिवारी नडगी ठणकली की बुटांना शिव्या. मग एक साधी दोनशेपानी वही केली: किती किलोमीटर, कोणत्या वेगाने, झोप किती, काय खाल्लं. महिनाभरात दिसलं की चूक बहुतेक वेळा दोन-तीन दिवस आधीची असते. त्यामुळे आता काही बिघडलं की आधी मागची पानं उलटतो.

माझा सध्याचा आठवडा असा: सोमवारी सुट्टी, मंगळवारी ट्रॅकवर ४०० मीटरचे वेगवान फेरे धरून ८ किमी, बुधवारी हलके ६, गुरुवारी थोडे नेटाने ९, शुक्रवारी घरीच ताकदीचे व्यायाम, शनिवारी हलके ५ आणि रविवारी २२. एकूण ५०. कागदावर सगळं छान दिसतं. घोळ होतो तो ‘हलके’ या शब्दापाशी.

बुधवार: हलकं म्हणजे किती हलकं?

साडेचार तासांत ४२.१९५ किमी संपवायचे तर किलोमीटरला साधारण ६ मिनिटं २४ सेकंद पडतात. पहिल्या वर्षी मी बुधवारीसुद्धा ६:२० ने पळायचो. शर्यतीच्या वेगाची सवय नको का व्हायला! आमच्या ग्रुपातले एक काका, वय एकसष्ट, पुण्यात पाषाण तलावाजवळ माझ्या शेजारी आले आणि म्हणाले, “एकोणतीसचा पाढा म्हण बघू.”

एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी. तिथेच धाप लागली.

“काका, पुढचा येत नाही म्हणून थांबलो.”

“पाढा येत नसेल तर अडखळशील. तू धापतोयस. हळू हो.”

तेव्हापासून बुधवारी आणि शनिवारी माझा वेग ७:१५ ते ७:४५ असतो. बागेत चालणाऱ्या आजी बरोबरीने येतात, येऊ देत. मंगळवारच्या वेगवान फेऱ्यांनंतर पाय सावरायला बुधवार असतो. तो ओढून पळालात तर गुरुवारी नेट लागत नाही आणि रविवारी १५ किमीलाच पाय शिशाचे होतात. मग आपण म्हणतो, दम कमी पडतोय, अजून पळायला हवं. इथूनच चक्र उलटं फिरायला लागतं. खरं तर दम लवकर वाढतो. हाडं, स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे मात्र सावकाश तयार होतात. दमाच्या भरवशावर किलोमीटर वाढवले की बिल नडगी भरते.

कुठे दुखतंय ते बोटाने दाखवा

नडगीच्या आतल्या कडेने तळहाताएवढ्या लांबीत ठसठसत असेल तर बहुधा किलोमीटर घाईने वाढलेत. आठवडाभर कमी करा, बर्फाने शेका, पोटऱ्यांचे व्यायाम करा. पण हाडावरच्या एकाच बिंदूवर बोट ठेवता येत असेल आणि तिथे दाबल्यावर कळ जात असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. ती हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. तिच्यावर पळालात तर जानेवारी प्लास्टरमध्ये जाईल.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं टाचेत काटा रुतल्यासारखी वाटतात? तळव्याचा पट्टा ताणलाय. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर रस्ता बघा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. जाता-येता दोन्ही वेळा आपल्या डाव्या हाताच्याच कडेने पळालं की एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. जाताना धरलेल्याच कडेने परत या, किंवा आठवड्यातून एकदा टेकडीची मातीची वाट धरा.

दुखणं दाबायला गोळी घेऊन रविवारच्या लांब पल्ल्याला निघणारे मी पाहिलेत. घामाने शरीर कोरडं पडलेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. शिवाय थांबायची खूण कळत नाही ती वेगळीच.

रविवार: पोट, पाणी, मीठ

शरीरातला साखरेचा साठा ३०-३२ किमीच्या सुमाराला तळ गाठतो, म्हणून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. खजूर, चिक्की, धावताना चोखायचं साखरेचं जेल, काहीही चालेल, फक्त ते शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका. एका रविवारी मी कुणाच्या तरी सल्ल्याने नवं जेल खाल्लं आणि पुढचे चार किलोमीटर सार्वजनिक शौचालयाच्या शोधात काढले. शनिवारी रात्री मिसळही नको. वरण-भात, तूप, बटाट्याची भाजी. कंटाळवाणं आहे, पण पोट गप्प राहतं.

पाण्याची चूक दोन्हीकडून होते. कमी प्यायल्याने काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. आपण संथ मंडळी चार-पाच तास रस्त्यावर असतो, म्हणून हा धोका आपल्यालाच जास्त. मळमळ, डोकेदुखी, बोटांतली अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं. भान हरपत असेल तर थेट दवाखाना. घरी तपासायचं असेल तर धावण्याआधी आणि नंतर वजन करा. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. तहान लागेल तसं प्या, आणि एका बाटलीत मीठ-साखरेचं लिंबू सरबत असू द्या.

बुटांबद्दल थोडक्यात: ५०० ते ८०० किमीनंतर तळव्यातला मऊपणा जातो, वरून बूट नवा दिसला तरी. नखं काळी पडत असतील तर अर्धा नंबर मोठा घ्या. काखेत आणि मांड्यांत पेट्रोलियम जेली लावायला विसरलात तर अंघोळीच्या वेळी आठवण होईलच.

बुडालेला आठवडा

दिवाळीत माझे चार दिवस बुडाले. भाऊबीज झाल्यावर तीन दिवसांत ते भरून काढायला गेलो आणि दहा दिवस घरी बसलो. बुडालं ते बुडालं. चार दिवसांनी तयारी ढासळत नाही. पुढच्या पानापासून सुरू करा.

आणि सगळा सराव सपाटीवर करू नका. मुंबईत परतीच्या वाटेवर, पाय संपत आल्यावर, पेडर रोडचा चढ समोर येतो. म्हणून मी रविवारचा शेवटचा टप्पा चांदणी चौकाच्या चढावर टाकतो. चढ संपला की उतार असतो आणि तो फुकटचा वाटतो, तिथेच फसायला होतं. उतारावर मांड्या ब्रेकचं काम करतात आणि आतून फाटल्यासारख्या दुखावतात. सोमवारी ऑफिसच्या जिन्यात चढताना ठीक आणि उतरताना कठडा लागत असेल, तर वहीत रविवारच्या शेवटच्या दोन किलोमीटरचा वेग बघा. माझा गेल्या आठवड्यात ५:४० होता.