घट, कलश, अस्थिकलश: या चुका टाळा

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी कोल्हापुरात महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते. परड्या, पत्रावळी, काळी माती, धान्याच्या पुड्या आणि त्यांच्या शेजारी रंगवलेले, आरसे-टिकल्या चिकटवलेले घट. दिसायला सुरेख असतात, पण बऱ्याच घरांत घट बिघडायला सुरुवात होते ती या खरेदीपासूनच.

मातीच्या घटाचं काम पाझरायचं. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. आतलं पाणी त्यांतून झिरपतं आणि भोवतीच्या मातीला नऊ दिवस बेताची ओल देत राहतं. बाहेरून ऑइल पेंट किंवा वॉर्निश मारलं की छिद्रं बुजली. मग माती कोरडी पडते, आपण वरून तांब्याने पाणी ओततो आणि बी कुजतं. घट साधा, बिनरंगाचाच घ्या. घरी आणल्यावर पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागदावर ओलसर गोल उमटला तर घट चांगला. कागद भिजून लगदा झाला तर बुडाला तडा आहे, बदलून आणा.

मातीची चूकही नेहमीची. काळ्या मातीची ढेकळं तशीच पसरली तर पाणी खाली साचतं. माती चाळा, थोडं कुजलेलं शेणखत मिसळा, धान्य रात्रभर भिजवून पेरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. बोटभर जाड थर दिला तर अंकुर वर यायलाच दमतात. आपल्याकडे त्या दिवसांत पावसाची सर येत-जात असते, हवा दमट असते, म्हणून पाणी शिंपडा, ओतू नका. पांढरी बुरशी दिसली तर दोन दिवस पाणी बंद करा. बी म्हणून शेती दुकानातलं औषध लावलेलं बियाणं कधीच वापरू नका. दसऱ्याला तेच अंकुर आपण टोपीत खोवतो, लहान पोरांच्या हातात देतो.

अंकुर पिवळे आले तर घाबरायचं कारण नाही. देवघरात ऊन पोचत नाही म्हणून ते पिवळे येतात. नंदादीप फार जवळ असेल तर त्या बाजूचे सुकतात. नारळ तडकला तर तो आतून वाळल्यामुळे. हे सगळं आवर्जून लिहितोय, कारण घट नीट उगवला नाही की घरातल्या सुनेकडे बोट दाखवलं जातं आणि ती बिचारी वर्षभर मनाला लावून घेते. दोष असतो तो बियाण्याचा, मातीचा नाहीतर पाण्याचा. बाईवर त्याचं खापर फोडणं हा अन्याय आहे, आणि देवीच्या नावाने तर तो मुळीच करू नये.

तांब्याच्या कलशाबद्दल थोडंच. दही, पंचामृत, लिंबाचं पाणी त्यात ठेवू नका. आंबटाने तांबं उतरतं आणि ते तीर्थ पोटाला बाधतं. हिरवट डाग चिंचेने किंवा लिंबू-मिठाने निघतात. कितीही घासलं तरी काही फरकच पडत नसेल, तर कलशावर दुकानातल्या चकाकीचा लेप असण्याची शक्यता आहे.

आता अस्थिकलश. इथे माणूस दुःखात असतो, घाईत असतो आणि समोर येईल ते भांडं उचलतो. आपल्याकडे होळीला पेठापेठांतून शेणी (गोवऱ्या) दान होतात आणि पंचगंगा स्मशानभूमीत त्या दहनाला वापरल्या जातात. शेणींची राख वरून गार वाटली तरी पोटात विस्तव धरून असते. रक्षाविसर्जनाच्या सकाळी ती प्लास्टिकच्या बरणीत भरली तर बरणी वितळते. आधी पाणी शिंपडा आणि अस्थी गार होऊ द्या. मग पुसून, कोरड्या करून मातीच्या लोटक्यात ठेवा आणि तोंडाला सुती फडकं बांधा. ओल्या अस्थी घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडू नका. ॲल्युमिनियमचा डबाही नको, कारण राख क्षारयुक्त असते आणि ओल मिळाली की ती हा धातू खाते. लोटक्यावर नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा. गडबडीत लोटके बदलले तर घरच्यांना तो घोर आयुष्यभर पुरतो.

प्रयागला किंवा काशीला विमानाने जाणार असाल तर मृत्यूचा दाखला आणि स्मशानभूमीची पावती जवळ ठेवा आणि कंपनीचे नियम तिकीट काढण्याआधी विचारा. जाड धातूचा कलश तपासणीच्या यंत्रात आरपार दिसत नाही आणि तो उघडायला लावतात.

मातीचा कलश नदीत विरघळतो, हा समज चुकीचा. भाजलेली माती विरघळत नाही, तळाशी खापऱ्या साचतात. फडक्याची गाठ उकलून फक्त अस्थी पाण्यात सोडा. उरलेली पोतंभर राख पंचगंगेत ओतायची तर मुळीच गरज नाही. नदीच्या खालच्या अंगाला शिरोळपर्यंत माणसं राहतात. आपल्या भागात बरेच जण आता रक्षा शेतात विसर्जित करून झाड लावतात. चांगली पद्धत आहे, फक्त सगळी राख एका खड्ड्यात टाकून त्यात रोप लावू नका. क्षारांनी मुळं जळतात. राख रानभर पातळ पसरा आणि खड्ड्यात मूठभरच, ती भरपूर माती-शेणखतात कालवून घाला.

शेवटची चूक पाया खणताना होते. जुनं मोठं मडकं लागलं की गुप्तधन समजून पहार घालतात. पुणे जिल्ह्यात इनामगावला सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आपल्या ब्रह्मपुरीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. असं काही लागलं तर काम थांबवा, मडकं जागेवरून न हलवता फोटो काढा आणि तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवा. त्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर १८७८ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.