स्वित्झर्लंडला कमी खर्चात जाण्याची तयारी

स्वित्झर्लंडला पोचल्यावर हात आखडता घेऊ, असे ठरवून निघालेल्या माणसाचे पैसे तेथे फारसे वाचत नाहीत. जे वाचायचे ते निघण्याच्या चार-पाच महिने आधी, घरी बसूनच वाचते. म्हणून पहिले काम व्हिसाचे. शेंगेन व्हिसाचा (स्वित्झर्लंडसह युरोपातील बहुतेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि तो लवकरच करावा, कारण रेल्वेची स्वस्त तिकिटे बहुधा परत करता येत नाहीत आणि व्हिसा हाती नसताना ती घेणे धोक्याचे असते. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा सक्तीचा आहे. ऐपतीच्या पुराव्यासाठी माणशी दिवसाला सुमारे १०० स्विस फ्रँक (तेथील चलन) धरले जातात, त्यामुळे आपला बेत याहून साधा असला तरी खात्यातील शिल्लक त्या हिशेबाने ठेवावी.

मुक्कामाची जागा निवडताना केवळ खोलीचे भाडे पाहू नये. पाहुण्यांना स्वयंपाकघर वापरता येते का, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे. काही वसतिगृहांत ते नसते. दुसरा प्रश्न गेस्ट कार्डाचा, म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या कार्डाचा. बाझल, बर्न, जिनिव्हा अशा शहरांत हॉटेलात किंवा वसतिगृहात राहणाऱ्यांना शहरातील ट्राम व बस मुक्कामभर मोफत असते, आणि इंटरलाकनलाही गेस्ट कार्डावर जवळपासच्या बस वापरता येतात. एखाद्याच्या घरातील खोली घेतली तर हे कार्ड मिळेलच असे नाही, म्हणून भाड्यातील फरकात रोजचे बसभाडे मिळवूनच तुलना करावी.

खरा खर्च प्रवासाचा, आणि येथेच कागद-पेन घेऊन तासभर बसावे. रोज नव्या गावी जायचे असेल तर ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरावीक दिवस रेल्वे-बसने हवे तितके फिरू देणारा पास, परवडतो. पण दोन ठिकाणी मुक्काम ठेवून आसपास फिरणाऱ्याने माझ्या मते पर्यटकांसाठीचे महिनाभराचे हाफ फेअर कार्डच घ्यावे, कारण त्यावर रेल्वे, बस, बोटी आणि बहुतेक पर्वतीय गाड्यांच्या भाड्यात निम्म्यापर्यंत सवलत मिळते. लांबच्या प्रवासाच्या दिवसांसाठी सेव्हर डे पास (दिवसभर देशात कोठेही फिरण्याचा पास) शक्य तितका आधी घ्यावा, कारण तारीख जवळ येते तशी त्याची किंमत चढते. मुले ६ ते १५ वर्षांची असतील तर मोफत मिळणारे फॅमिली कार्ड मागून घ्यावे, म्हणजे पालकांसोबत त्यांना तिकीट लागत नाही.

खाण्याचे सामान भरताना आपल्याकडची सवय आवरावी लागते. भारतातून दुग्धजन्य व मांसाचे पदार्थ तेथे नेण्यास बंदी आहे; म्हणजे तूप, पेढे, चक्का आणि तुपात केलेले लाडू घरीच ठेवावेत, तसेच ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ताही. तेलातला चिवडा, दाण्याची चटणी, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी मात्र खुशाल न्यावी. बाकीचे मिग्रोस, कोप, डेनर, लिडल अशा दुकानांतून घ्यावे. संध्याकाळी दुकान बंद होण्याच्या सुमारास पाव, सॅलड, दही यांच्या डब्यांवर २५ किंवा ५० टक्के सवलतीच्या चिकट्या लावलेल्या दिसतात. त्या फळीपाशी पाच मिनिटे घालवली की दुसऱ्या दिवशीची न्याहारी आणि दुपारचा डबा निघतो. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने शनिवारीच दोन दिवसांची खरेदी करावी. अडलेच तर मोठ्या स्थानकांतील दुकाने उघडी असतात.

डोंगरावरच्या महागड्या सफरींपैकी एकच निवडावी. ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या रेल्वेस्थानकाला जायचे असेल तर सकाळी तेथील कॅमेऱ्याचे थेट चित्र इंटरनेटवर पाहावे आणि तो भाग ढगात असेल तर तिकीट काढूच नये. लाउटरब्रुनेनला सुमारे ३०० मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा तर गावातल्या रस्त्यावरूनच, एक पैसा न देता दिसतो, आणि पिवळ्या पाट्यांच्या पायवाटा देशभर आहेत. त्या पाट्यांवर बहुधा अंतराऐवजी चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. लहान मुले किंवा वडीलधारी सोबत असल्यास तो दीडपट धरावा.

शेवटी बारीकसारीक गोष्टी. आपल्याकडचा जाड तीन पिनांचा प्लग तेथील सॉकेटमध्ये बसत नाही, तेव्हा अडॅप्टर घ्यावा. कार्डाच्या यंत्राने रुपये की फ्रँक असे विचारल्यास नेहमी फ्रँक निवडावे, कारण रुपयांचा दर महाग पडतो. मोठ्या स्थानकांत स्वच्छतागृहाला एक-दोन फ्रँक लागतात, त्यासाठी सुटी नाणी ठेवावीत किंवा गाडीतल्या स्वच्छतागृहाचा उपयोग करावा. माणशी एक रिकामी बाटली सामानात असावीच. नळाचे पाणी उत्तम असते, एकट्या झुरिकमध्ये १,२०० च्या आसपास सार्वजनिक कारंजी आहेत, आणि ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचे पाणी नाही) अशी पाटी नसेल तेथे बाटली निर्धास्तपणे भरून घ्यावी.