पायथॉनच्या लिस्टमधले डुप्लिकेट काढायचेत? आधी 'सेम' म्हणजे काय ते ठरवा

कोणालाही विचारलं की एकच उत्तर येतं, लिस्ट सेटमध्ये (ज्यात एक गोष्ट एकदाच राहते असा संग्रह) टाक आणि परत लिस्ट कर. चालतं की, एका ओळीत काम होतं, पण क्रम गेला. त्यातून स्ट्रिंग असतील तर पायथॉन ३.३ पासून त्यांचे हॅश (गोष्ट पटकन शोधायला पायथॉन काढतो ते आकडे) दर रनला बदलतात, म्हणजे तोच प्रोग्राम परत चालवला तरी क्रम वेगळा येऊ शकतो. क्रमाशी घेणंदेणं नसेल तर खुशाल वापरा.

क्रम हवा असेल तर डिक्टची (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांचा संग्रह) फ्रॉमकीज मेथड घ्या, तिला लिस्ट द्यायची आणि जो डिक्ट मिळेल त्याची परत लिस्ट करायची, बस. लिस्टचे आयटम डिक्टच्या की होतात आणि तीच की दोनदा राहत नाही, आणि ३.७ पासून डिक्ट घातलेला क्रम पाळणारच अशी भाषेचीच हमी आहे. यात पहिली एन्ट्री टिकते, शेवटची हवी असेल तर आधी लिस्ट उलटी करा आणि काम झाल्यावर परत सुलटी करा. मी तरी आधी हेच करून बघायला सांगेन.

आता खरा मुद्दा. पायथॉनला जे सेम वाटतं ते तुम्हाला सेम वाटतंच असं नाही. नावाच्या शेवटी एक स्पेस आली की ते वेगळं नाव, ईमेलमध्ये एक अक्षर कॅपिटल असलं की वेगळा ईमेल. मराठी डेटात तर अजून बारीक गोष्ट आहे, 'दुसऱ्या' मधला ऱ एकाच कोडपॉइंटचा (युनिकोडमधला अक्षराचा नंबर) असू शकतो किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असे दोन, स्क्रीनवर अगदी सारखे दिसतात पण पायथॉन त्यांना वेगळे धरतो. त्यावर उपाय म्हणजे युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइज, एनएफसी फॉर्ममध्ये (म्हणजे दोन्ही एकाच जोडलेल्या रूपात येतात). उलटही होतं बरं का, १, १.० आणि ट्रू हे तिन्ही सेटमध्ये एकच धरले जातात.

म्हणून लूप लिहा. एक रिकामा सेट, एक रिकामी लिस्ट, प्रत्येक आयटमची साफ केलेली की बनवा (कडेच्या स्पेस काढायला स्ट्रिप, कॅपिटल-स्मॉलचा फरक घालवायला केसफोल्ड, नॉर्मलाइज, जे लागेल ते), ती सेटमध्ये नसेल तर सेटमध्ये टाका आणि मूळ आयटम लिस्टमध्ये जोडा. 'आधी आलंय का' हे बघायला सेटच घ्या, लिस्ट नको, कारण लिस्ट प्रत्येक वेळी पहिल्यापासून शोधत बसते आणि १ लाख वेगवेगळे आयटम असले तर तुलना जवळपास ५०० कोटींवर जातात.

आयटमच लिस्ट असतील तर 'अनहॅशेबल टाइप' (याचा हॅश काढता येत नाही) असा एरर येतो, तेव्हा की म्हणून त्यांचा टपल (न बदलता येणारी लिस्ट म्हणा) करा. डिक्ट असतील तर ज्या फील्डवरून ओळख पटते, आयडी वगैरे, ते की म्हणून घ्या.

आणि ज्या लिस्टवर लूप फिरतोय तिच्यातूनच रिमूव्ह करू नका, पुढचे आयटम एक घर मागे सरकतात, लूप एखादा ओलांडून जातो आणि काही डुप्लिकेट तसेच राहतात, एरर मात्र येत नाही.