ट्रकचा अपघात आणि मालकाची जबाबदारी : या चुका टाळा

"विमा भरलाय ना, मग कंपनी बघून घेईल," असं एक-दोन गाड्यांचे मालक सर्रास म्हणतात. कायदा तसं म्हणत नाही. पगारी ड्रायव्हर कामावर असताना त्याच्या चुकीने कुणी जखमी झालं किंवा दगावलं, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. विमा कंपनी ती मालकाच्या वतीने उचलते, आणि पॉलिसीच्या अटी मोडल्या असतील तर दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते.

सगळ्यात महागात पडते ती लायसन्सची हयगय. ड्रायव्हर ओळखीचा, हात चांगला, म्हणून चावी दिली जाते. लायसन्स बघितलं जातं ते कामावर घेताना एकदाच. बेली राम यांच्या खटल्यात ड्रायव्हरच्या लायसन्सची मुदत संपून तीन वर्षं झाली होती. मुदत बघणं मालकाचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आणि बोजा मालकावर टाकला. याउलट, लायसन्स खोटं निघालं तरी मालकाने ते पाहून, गाडी चालवून घेऊन माणूस ठेवला असेल, तर त्याला संरक्षण मिळू शकतं. मालकाने काळजी घेतली नाही हे विमा कंपनीने सिद्ध करायचं, हे स्वर्ण सिंग निकालापासून (२००४) ठरलेलं आहे. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरची एक फाइल ठेवाच : लायसन्सची झेरॉक्स, सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) तपासल्याची प्रिंट, मुदत संपायची तारीख. लायसन्सचा प्रकारही बघा. मालासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, त्यावर नाही. धोकादायक मालाच्या टँकरला वेगळी नोंद लागते.

मालाच्या गाडीत माणसं बसवू नका. लग्नाचं वऱ्हाड, जत्रेला निघालेलं गाव, वाटेत हात दाखवणारा ओळखीचा, कुणालाच नाही. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस सोडला, तर अशा फुकट प्रवाशांसाठी थर्ड पार्टी विमा बांधील नसतो. आशा राणी निकाल (२००२) याच मुद्द्यावरचा आहे. ट्रकच्या हौद्यात दाटीवाटीने बसलेल्यांचं काय होतं हे आपण दरवर्षी वाचतो. त्यांच्या घरच्यांच्या हाती भरपाईही नीट पडत नाही, हे जास्त वाईट.

गाडी विकली की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून मोकळं होऊ नका. नवीन कुमार निकालाप्रमाणे (२०१८) आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक. गाडी पुढे तीन हात बदलली तरी नोटीस तुमच्याच दारात येते. आरसीवर नवं नाव चढलेलं स्वतः बघा.

अपघात झाल्यावर "दुसरा ड्रायव्हर दाखवू" असा सल्ला देणारे भेटतातच. ऐकू नका. खोटा पुरावा उभा करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि टोलनाक्याचा कॅमेरा, मोबाइलचं लोकेशन यांतून तो उघडा पडतो. ड्रायव्हरला सांगून ठेवा : जमाव अंगावर येत नसेल तर आधी जखमीला दवाखान्यात न्यायचं, मग पोलिसांना आणि तुम्हाला कळवायचं. विमा कंपनीला लेखी तुम्ही कळवा.

भरपाईचे दावे चालवणाऱ्या मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली की अनेक मालक फिरकतच नाहीत. मग प्रकरण एकतर्फी चालतं, फाइलमधलं लायसन्स, परमिट न्यायाधीशांसमोर येतच नाही, आणि "कंपनीने आधी भरावं, मग मालकाकडून वसूल करावं" असा आदेश होऊ शकतो. ही वसुली जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते, म्हणजे घरा-शेतापर्यंत पोहोचते. कंपनीचा वकील कंपनीचा असतो. तुमचा वेगळा द्या आणि पहिल्या तारखेलाच कागद दाखल करा.

राहता राहिले ड्रायव्हर आणि क्लीनर. तेच जखमी झाले तर त्यांची भरपाईही तुमच्यावर असते. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये किती कामगारांचा प्रीमियम भरलाय ते मोजा. गाडीवर तिघं आणि प्रीमियम एकाचा असेल, तर नूतनीकरणाची वाट न बघता आजच एजंटला फोन करा.